हळदीकुंकू, थापट्या आणि एक दगडी पाटी

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला गजर वाजला तेव्हा मला स्वतःचाच राग आला होता. शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत क्लायंट कॉल, आणि पाच तासांनी उठून भिगवणला जायचं! कशासाठी, तर बदकं बघायला. आई म्हणाली, "बदकं काय सारसबागेत पण असतील." आता आईला काय सांगणार? गुपचूप थर्मास घेतला आणि निघालो.

आमच्या टीममधला एक जण सोबत होता. त्याच्याकडे भलामोठा कॅमेरा, माझ्याकडे सेकंडहँड दुर्बीण आणि एक वही. (मी वहीवाला माणूस आहे. एक्सेल ऑफिसात पुरे.) सोलापूर रोडनं दोन तासात भिगवण, तिथून आत कुंभारगावच्या बाजूला, आणि सात वाजता आम्ही एका होडीत. होडी वल्हवणारे काका साठीच्या पुढचे. पाण्यावर धुकं, समोर काळसर ठिपक्यांचा एक मोठा पट्टा. थोडं जवळ गेलो आणि मी दुर्बीण लावून जोरात म्हणालो, "मॅलार्ड! हिरवं डोकं! मॅलार्ड!"

वहीत लिहूनही टाकलं. वेळ, जागा, संख्या साधारण ४०.

काकांनी वल्हं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, चोच बगा की. चमचा हाय त्यो."

चोच बघितली. चमचाच होता. ते मॅलार्ड नव्हते, थापट्या होते. इंग्रजीत शॉव्हेलर, म्हणजे फावड्यासारख्या चोचीचं बदक. हिरवं डोकं दोघांचंही असतं, पण थापट्याची छाती पांढरी शुभ्र आणि कुशी विटकरी. मॅलार्डची छाती तपकिरी, गळ्यात पांढरी रिंग आणि चोच पिवळी. शिवाय मॅलार्ड आपल्या दख्खनमध्ये क्वचितच दिसतो, उत्तरेत जास्त. मी जी चूक केली ती पुस्तकात "नवशिक्यांची चूक" म्हणून छापता येईल अशी होती.

पण त्या चुकीनं डोक्यात एक किडा सोडला. हे सगळं ओळखायचं कसं, हे माणसाला कळलं कसं? म्हणजे पहिल्यांदा कोणी ठरवलं की हे बदक वेगळं आणि ते वेगळं? त्यानंतरचे चार-पाच वीकेंड मी हेच वाचत बसलो. ते जसं सापडलं तसं इथे लिहितोय.

आधी थोडी तांत्रिक माहिती, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. रानटी बदकांचे ढोबळ दोन गट. एक बुडी मारणारी, म्हणजे पाण्याखाली पूर्ण गायब होऊन दहा-पंधरा सेकंदांनी भलतीकडेच उगवणारी. दुसरी बुडी न मारणारी. ही फक्त पुढून वाकतात, डोकं पाण्यात आणि शेपूट आकाशाकडे. इंग्रजीत यांना डॅबलिंग डक्स म्हणतात. आपण शेपूटवर बदकं म्हणूया (माझा शब्द, कोशात शोधू नका). बुडीवाल्यांचे पाय शरीराच्या मागच्या टोकाला असतात, पोहायला उत्तम, चालायला भिकार. त्यांना उडायचं असेल तर पाण्यावरून धावत जावं लागतं, विमानासारखं. शेपूटवर मंडळींचे पाय मधोमध, त्यामुळे ती नीट चालतात आणि धोका दिसला की जागच्या जागी सरळ वर उडतात. हेलिकॉप्टर. दुरून काहीच दिसत नसलं तरी उडण्यावरून अर्धं उत्तर मिळतं.

यांचं राहणं पण यांच्या मानेवर ठरतं. बुडी मारता येत नाही, म्हणजे जिथवर मान पोचेल तिथवरच जेवण. म्हणून यांना खोल धरण नको असतं, यांना हवी असते उथळ, पसरट, चिखलाची कड. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते जरा आत, खोल पाण्यात. छोटं चक्रांग अगदी काठाला, पाऊलभर पाण्यात. थापट्याचं तिसरंच. त्याच्या चोचीच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात असतात, त्यातून तो पाणी गाळतो, आणि कधी कधी दहा-वीस थापटे मिळून गोल गोल फिरत एकमेकांनी ढवळलेलं पाणी गाळतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमची स्टँडअप मीटिंग आठवली. तरंग बदक तर पाणी सोडून काठावर येऊन गवतच चरतं, आणि त्याची शीळ इतकी गोड असते की हा आवाज बदकाचा यावर विश्वास बसत नाही. गॅडवॉल नावाचं एक दिसायला अगदी साधं बदक आहे. करड्या रंगाचं, मागची बाजू काळी, पंखावर पांढरा चौकोन, बास. पण चोर! वारकरी पक्षी, म्हणजे कूट, बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो आणि हा गृहस्थ आयती पळवतो.

आणि आपलं हळदीकुंकू बदक. या नावावर मी फिदा आहे. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. पोइकिलोऱ्हिंका, म्हणजे रंगीबेरंगी चोचीचं, असलं तोंडात न मावणारं शास्त्रीय नाव १७८१ साली फोर्स्टरनं दिलं. मराठीनं तेच निरीक्षण दोन शब्दांत, तेही देव्हाऱ्यातल्या तबकातून उचलून केलं. हे बदक सैबेरियाबिबेरियाहून येत नाही, इथलंच आहे. इथेच अंडी घालतं, इथेच राहतं. नर-मादी जवळजवळ सारखे.

इथवर सोपं वाटतंय ना? आता खरी गंमत. बाकीच्या बहुतेक जातींत नर रंगीत आणि मादी तपकिरी ठिपक्यांची. आणि सगळ्या माद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात! त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात, विणीनंतर, नर आपली सगळी पिसं टाकतात. पंखांची मोठी पिसं एकदमच गळतात, तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. म्हणून त्या काळात ते चटकदार रंग पण उतरवून ठेवतात आणि मादीसारखा तपकिरी वेश घालून गवतात लपून बसतात. याला ग्रहण म्हणतात, एक्लिप्स. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात जे पहिले थवे उतरतात त्यातले बरेच नर अजून ग्रहणातच असतात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही उत्साहानं गेलात तर समोर पाचशे तपकिरी बदकं आणि तुमच्या हातात पुस्तकातलं रंगीत नराचं चित्र. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं आणि "पुस्तक चुकीचं आहे" असा निष्कर्ष काढून घरी आलो होतो. डिसेंबरात जा. तोवर नर पुन्हा नटलेले असतात.

तेव्हा चुकलो म्हणून लाज वाटायचं कारण नाही, कारण यात खुद्द लिनियस चुकलाय. सगळ्या सजीवांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत सुरू करणारा हा स्वीडिश माणूस. त्यानं १७५८ मध्ये मॅलार्डला एक नाव दिलं, आनास प्लॅटिऱ्हिंकोस. आणि त्याच पुस्तकात त्याच बदकाला आणखी एक, आनास बॉस्कास. एका जातीच्या दोन नोंदी! डुप्लिकेट रेकॉर्ड. हे दुसरं नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुस्तकांत चालू होतं. आमच्याकडे प्रोडक्शन डेटाबेसमध्ये एक डुप्लिकेट सापडला की रविवारी बोलावतात, इथे शंभरावर वर्षं कोणी मर्ज केलं नाही. बरं, नावांचा गोंधळ अजून संपलेला नाही. २००९ च्या डीएनए अभ्यासात असं दिसलं की आनास नावाच्या एका पोत्यात भलतेसलतेच एकत्र कोंबलेत. मग थापट्या आणि भुवई बदक स्पॅट्युला या वेगळ्या प्रजातीत गेले, तरंग आणि गॅडवॉल मारेकामध्ये. जुनी पुस्तकं घेऊन बसाल तर नावं जुळणार नाहीत. बदक तेच, नेमस्पेस बदललं.

तर, ओळखलं कोणी? हिंदुस्थानपुरतं बोलायचं तर उत्तर थोडं अडचणीचं आहे. ज्यांनी मारलं त्यांनी.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, मग हातात घेऊन मोजायचा. पंखाची लांबी, चोचीची लांबी, पंखावरच्या चमकत्या पट्ट्याचा रंग. या पट्ट्याला स्पेक्युलम म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आरसा. माद्यांच्या त्या तपकिरी गोंधळात हा आरसाच खरं ओळखपत्र. चक्रांगाचा हिरवा, गॅडवॉलचा पांढरा, मॅलार्डचा निळा-जांभळा. पण बसलेल्या बदकाचा आरसा बऱ्याचदा झाकलेला असतो. हातात घेतलं तर प्रश्नच मिटला.

या हातात-घेऊन-ओळखण्याच्या काळाचा राजा म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, शाळेच्या इतिहासात काँग्रेसचा संस्थापक म्हणून एका मार्काला येणारा. त्याआधी तो हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा पक्षीवेडा होता हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं सांगितलं नाही. १८७२ पासून तो "स्ट्रे फेदर्स" नावाचं नियतकालिक चालवत होता. सिमल्याला जाखू टेकडीवर त्याचा रॉथनी कॅसल नावाचा बंगला, त्यात देशभरातून गोळा केलेल्या हजारो पक्ष्यांची कातडी, खणाखणांत लावून ठेवलेली. मार्शलबरोबर त्यानं १८७९ ते १८८१ मध्ये शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. बदकं तिसऱ्या खंडात. त्यातल्या काही चित्रांवर ह्यूम स्वतःच नाराज होता. स्वतःच्याच रिलीजवर बग लिहिणारा माणूस, म्हणून मला तो लगेच आवडला.

त्याला हिंदुस्थानातल्या सगळ्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहायचा होता. वर्षानुवर्षांची टिपणं सिमल्याच्या बंगल्यात होती. १८८३ च्या सुमारास तो बाहेरगावाहून परत आला तर बरीचशी हस्तलिखितं गायब. एका नोकरानं ती बाजारात रद्दी म्हणून विकली होती. रद्दी! कोण्या वाण्यानं त्यात जिरं-मोहरी बांधून दिली असेल. हे वाचताना पोटात अक्षरशः गोळा आला. एकच प्रत, बॅकअप नाही. ह्यूमचं मन त्यातून उडालंच. १८८५ मध्ये त्यानं आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, सुमारे ८२,००० नमुने. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्या नोकराला चार पैसे जास्त पगार मिळाला असता तर देशाचा इतिहास वेगळा झाला असता का, असा एक वेडा विचार मी बराच वेळ करत बसलो. (तसं नसणार. पण रविवारी दुपारी असे विचार करायला परवानगी असते.)

ह्यूमनंतर स्टुअर्ट बेकर. आसामातला पोलीस अधिकारी, एका बिबट्यानं याचा डावा हात नेला होता. उरलेल्या एका हातानं हा बंदूक चालवायचा आणि लिहायचा. त्याचं "इंडियन डक्स" हे १९०८ चं जाडजूड पुस्तक आधी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधून लेखमालेसारखं आलं. ही सोसायटी म्हणजे आपल्या मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी सुरू केलेली बीएनएचएस. तिचं जर्नल त्या काळी शिकारी साहेबांचं आवडतं वाचन होतं.

आणि मग भरतपूर.

मी भरतपूरला गेलो ते बऱ्याच वर्षांपूर्वी, दिल्लीला एका प्रोजेक्टवर असताना. केवलादेव नावाचं शंकराचं छोटं देऊळ आहे, त्यावरून अभयारण्याचं नाव. त्या देवळाजवळ दगडात कोरलेल्या पाट्या उभ्या आहेत. मला वाटलं देणगीदारांची नावं असतील. जवळ जाऊन वाचलं तर एक टेबल. तारीख, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुका, किती पक्षी. १९०२, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, ५४०. १९१६, लॉर्ड चेम्सफर्ड, ४,२०६. नोव्हेंबर १९३८, लॉर्ड लिनलिथगो, ४,२७३. एका दिवसात. मी मोबाइलवर भागाकार केला. दहा तास धरले तर मिनिटाला सात.

भरतपूर निसर्गानं दिलेलं तळं आहे असं मी तोवर समजत होतो. तसं नाहीये. गंभीर आणि बाणगंगा नद्यांच्या पुराचं पाणी अडवायला तिथे अठराव्या शतकात अजान बांध घातला गेला. त्याखालची सखल जमीन, जिथे बांधाचं पाणी सोडता येतं, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुद्दाम वाफ्या-वाफ्यांत बांधून काढली, पाण्याची दारं बसवली, कारण राजाला बदकांची शिकार हवी होती. शेपूटवर बदकांना जेवढं उथळ पाणी लागतं बरोब्बर तेवढं. थोडक्यात ती सगळी २९ चौरस किलोमीटरची यंत्रणा बदकं आकर्षित करून मारायला डिझाइन केलेली होती, आणि डिझाइन इतकं चांगलं होतं की मारणारे गेल्यावरही बदकं येत राहिली.

स्वातंत्र्यानंतर तिथे शेती करावी म्हणून जोरदार मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकला आणि पाणी वाचलं. १९५६ मध्ये अभयारण्य झालं, पण महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू होता. बघा कसं, एकाच पाण्यावर सकाळी बंदूक आणि दुपारी दुर्बीण!

बंदुकीकडून दुर्बिणीकडे हा प्रवास कसा झाला त्याची एक गोष्ट मला फार आवडली, ती अमेरिकेतली आहे. १९०३ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. त्यातल्या मुलाची अडचण माझीच. तळ्यातली बदकं लांब असतात आणि पुस्तक हातातल्या बदकाबद्दल बोलतं. मग त्याला पेंढा भरलेली बदकं ठेवलेली एक काचेची पेटी दिसते. तो त्यांची चित्रं काढतो, पण बारकावे सोडून, फक्त दुरून दिसतील असे ठळक डाग. प्रत्येक बदकाचा जणू गणवेश. ही चित्रं रॉजर टोरी पीटरसन नावाच्या पोराच्या डोक्यात बसली आणि १९३४ मध्ये त्यानं त्याच तत्त्वावर अख्खं पुस्तक काढलं. पक्ष्याचं साधं चित्र आणि शेजाऱ्यापासून वेगळं काय, तेवढ्यावरच एक रेघ. बाकी काही नाही. अरे हा तर डिफ आहे! दोन फायलींत काय समान आहे ते कोण वाचतं, काय बदललं तेवढं दाखव. चार प्रकाशकांनी नाकारलेलं ते पुस्तक शेवटी निघालं तेव्हा २,००० प्रतींची पहिली आवृत्ती आठवड्यात संपली. आपल्याकडे १९४१ मध्ये बीएनएचएसनं सलीम अलींचं "द बुक ऑफ इंडियन बर्ड्स" काढलं. त्यानंतर साध्या माणसालाही न मारता ओळखता यायला लागलं. मराठीत पुढे हे काम मारुती चितमपल्लींच्या "पक्षिकोशा"नं केलं.

पण ओळखलं, पुढे काय? हे येतात कुठून? थापट्या, तलवार, चक्रांग, भुवई... मेमध्ये एकही नाही, नोव्हेंबरात हजारो. याचं उत्तर एका ॲल्युमिनियमच्या कड्यानं दिलं. आणि या गोष्टीची सुरुवात एका मराठी घराण्यानं केली. पवारांचं धार संस्थान. १९२६ मध्ये धारच्या महाराजांनी बीएनएचएससाठी रानबदकं पकडून, पायात कडी घालून सोडायला सुरुवात केली. कड्यावर नंबर आणि सोसायटीला कळवा असा मजकूर. साधी कल्पना. युनिक आयडी देऊन सोडून द्या आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी रिप्लाय करेल याची वाट बघा. रिप्लाय बहुतेक वेळा कसा यायचा? तिकडे कोणीतरी ते बदक गोळी घालून पाडायचा तेव्हाच. म्हणजे न मारता ओळखायला शिकलो, पण घर शोधायला पुन्हा शिकारीच कामाला आला.

मोठ्या प्रमाणावर कडी घालणं सुरू झालं ते त्यानंतर तीस-एक वर्षांनी, आणि तेही बदकांच्या प्रेमापोटी नव्हे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळ माकडं मरायला लागली, माणसं तापानं आजारी पडली. क्यासनूर जंगलातला म्हणून क्यासनूर ताप. तसाच एक विषाणू रशियात होता. मग शंका आली, गोचिड्या पक्ष्यांच्या अंगावर बसून तिकडून इकडे आल्या का? जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले, सलीम अलींना हवा होता तो स्थलांतराचा अभ्यास मिळाला. पुढे या प्रकल्पात अमेरिकन सैन्याच्या एका संस्थेचा पैसा आला आणि सत्तरच्या दशकात त्यावरून संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत वादळ झालं. पक्ष्यांच्या नावाखाली जैविक युद्धाची तयारी तर नाही? तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला आवडतं ते वेगळंच. भरतपूरला रात्री पाण्यात उतरून बदकं इजा न करता पकडायचं कसब बिहारमधल्या पिढीजात पक्षी पकडणाऱ्यांकडे, मिरशिकारांकडे होतं. ज्ञान त्यांचं, पेपरवर नाव शास्त्रज्ञाचं. आयटीतल्या लोकांना हे मी अधिक समजावून सांगायची गरज नाही. असो. कड्यांनी सांगितलं की आपली हिवाळी बदकं कझाकस्तान, सैबेरिया अशा ठिकाणांहून हिमालयाच्या पलीकडून येतात.

आता मला खरंच छळणारा भाग. १९८१ च्या सुमारास भरतपूर राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यान म्हणजे चराई बंद. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी लागू केली, गावकरी म्हशी घेऊन आले, पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. ज्या जागी बंदुका नुकत्या थांबल्या होत्या तिथे.

आणि पुढे काय झालं? बीएनएचएसचाच अभ्यास तिथे १९८० ते १९९० अशी दहा वर्षं चालू होता, डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली. चराई थांबावी असं आधी पक्षीशास्त्रज्ञांचंही मत होतं. म्हशी गेल्या आणि पॅस्पॅलम नावाचं पाणगवत माजलं. उघडं पाणी गवतानं भरलं. बदकांना उतरायला जागा राहिली नाही, मान बुडवायला पाणी राहिलं नाही, संख्या घटली. अभ्यासाचा निष्कर्ष काय, तर म्हैस ही त्या तळ्याची शत्रू नव्हती, ती त्याची देखभाल करत होती. ज्या अभ्यासकांनी आपलंच आधीचं मत खोडून हे छापलं त्यांना माझा सलाम, कारण मी माझी चुकीची कॉमेंट कोडमधून काढतानासुद्धा दहा वेळा आजूबाजूला बघतो. पण ती म्हशी घेऊन गेलेली माणसं तर गेलीच ना. त्यांच्या नावाची दगडी पाटी मी तिथे बघितली नाही. लिनलिथगोची बघितली.

हे सगळं वाचून झाल्यावर जानेवारीत पुन्हा भिगवणला गेलो. मुद्दाम त्याच काकांची होडी शोधली. यावेळी बदकांपेक्षा पाण्याबद्दल विचारलं.

उजनी धरण १९८० चं. भीमा अडवली, आणि कित्येक गावं पाण्याखाली गेली. बदकांना जे उथळ, चिखलाचं, गवताचं पाणी हवं असतं ते या फुगवट्याच्या कडेला आयतं तयार झालं, कारण तिथे शेतं होती, सपाट आणि काळी. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरचंही तेच. तिथे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांनी सिंचनासाठी बंधारा घातला, १९०७ मध्ये काम सुरू झालं, मागे गाळ साठत गेला, आणि आता त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा म्हणून त्याची नोंद झाली. कोणीच बदकांसाठी बांधलं नव्हतं.

काका म्हणाले, "आपण आत्ता हायत ना, ही आमची गव्हाची पट्टी. तिकडं बाभळ दिसती का वाळल्याली? तिथं इहीर."

मी खाली बघितलं. हिरवट पाणी, काही दिसण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा काका बायकोला घेऊन दर्शनाला जातात. धरण झालं तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. शेती गेली, मग मासेमारी, आणि गेली काही वर्षं आमच्यासारख्यांना होडीतून पक्षी दाखवायचं काम. पुस्तक नाही, दुर्बीण नाही. ग्रहणातला नर आणि मादी यात ते फरक कसा करतात विचारलं तर म्हणाले, "चाल येगळी असती." मी वहीत "चाल" लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मग मी त्यांना भरतपूरची गोष्ट सांगितली. म्हशींची, गवताची. गोळीबाराचंही सांगितलं. ते वल्हवत राहिले. हळदीकुंकवाची एक जोडी अगदी होडीजवळून सरळ वर उडाली, पंखातला हिरवा आरसा उन्हात एकदा चमकला. सोबतचा कॅमेरावाला फोकस करेपर्यंत गेली.

थोड्या वेळानं काकांनी विचारलं, "साहेब, तुमी पुन्याचं, शिकल्यालं. ह्ये बी पार्क करत्याल का वो? मंग आमी होड्या कुटं लावायच्या?"

मला उत्तर आलं नाही. "बघू या काका," असं काहीतरी पुटपुटलो. काठाला लागल्यावर वही उघडली, डिसेंबरच्या पानावरचं "मॅलार्ड, ४०" खोडलं आणि बाजूला "थापट्या" लिहिलं. काकांनी सांगितलेले पैसे दिले, ते सुट्टे शोधत होते, राहू द्या म्हटलं तर ऐकले नाहीत. शेवटी चहाच्या टपरीवरून सुट्टे आणून पन्नास रुपये परत केलेच.